शेठचा दुसरा आवाज

तबस्सुमइतकी भित्री मुलगी आमच्या सावद्यात दुसरी नसेल. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवताना माझ्या हाताखालून पुष्कळ मुली गेल्या, त्यामुळे हे मी जबाबदारीनं सांगते. कुत्र्याला घाबरणारे खूप असतात, ही कुत्र्याच्या मालकालाही घाबरायची. भुसावळ स्टेशनच्या तिकीट खिडकीवर हिच्या तोंडून गावाचं नाव फुटेना, तेव्हा मागच्या माणसानं ओरडून सांगितलं होतं, "अहो, हिला जळगाव द्या एक!" वर्गात उभं केलं की मान खाली. पेपरात मात्र पानंच्या पानं लिहायची, आणि कुठल्याही उत्तराच्या शेवटी एक ओळ ठरलेली: "पण असं झालं तर?" कायदा असो, पंचायत असो, निवडणूक असो, त्यात काय बिघडू शकतं ते हिला आधी दिसायचं. मी वैतागायचे आणि मार्कही द्यायचे.

पुण्यात एक संस्था आहे, थिंक टँक म्हणतात तसली. नवं तंत्रज्ञान येऊ घातलं की त्यानं लोकांचं काय होईल, सरकारनं कोणते नियम करावेत, यावर तिथली माणसं अहवाल लिहितात. त्यांना लहान गावांतले इंटर्न हवे होते. अर्ज मीच तिच्याकडून भरून घेतला. मुलाखत माझ्या घरी, लॅपटॉपवर झाली आणि मी स्वयंपाकघरात कान टवकारून उभी होते. पलीकडून दिपमाला नावाच्या मॅडमनी विचारलं, "एआयबद्दल तुला कशाची भीती वाटते?" झालं, आमची मुकी पोर जी सुटली ती थांबेचना. भीतीबद्दल तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. सगळे "गप्प बस, काही होत नाही" एवढंच म्हणायचे.

निवड झाली तेव्हा मी पेढे घेऊन तिच्या घरी गेले. तिची दादी अमिनाबी खाटेवर बसल्या होत्या. पेढा तोंडात ठेवून त्यांनी विचारलं, "पण बाई, तिथं काम काय करायचं?"

मी म्हटलं, "जे अजून घडलेलं नाही त्याला आधीच घाबरून ठेवायचं, आणि सरकारला कळवायचं."

अमिनाबींनी नातीकडे एकदा पाहिलं. "मग ठीक आहे. हिच्यासारखी त्यांना दुसरी कोण मिळणार होती?"

पुण्याला शेवटच्या महिन्यात जायचं, तोवर घरून काम. तिच्या घरात जागा कमी आणि माणसांची ये-जा जास्त, म्हणून ती लॅपटॉप घेऊन माझ्या पुढच्या खोलीत बसायची. मलाही बरं वाटायचं, एकटीला घर खायला उठतं.

तिचे वडील नासीरभाऊ केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम. आमच्याकडचा केळीचा धंदा आवाजावर चालतो, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. व्यापारी फोनवर म्हणतो, अमक्या भाऊंची बाग कापा. टोळी सकाळी बागेत शिरते, दुपारी ट्रक भरून निघतो. कागद नाही, सही नाही. कापलेला घड काही परत खोडाला चिकटवता येत नाही, त्यामुळे मुकादमाची सगळी अब्रू एवढ्यातच असते की त्यानं कधी चुकीच्या बागेत विळा लावला नाही. एकदा का "न विचारता शिरला" असं नाव झालं, की मग त्याला कोणी बांधावरही उभं करत नाही. नासीरभाऊंचे वडीलही मुकादमच होते. दोन पिढ्यांत तसं बोट कोणी दाखवलं नव्हतं.

त्यांना काम देणारे प्रेमराजशेठ मूळचे धुळ्याचे. सावद्यात हयात गेली, पण बोली अजून धुळ्याचीच, अहिराणी. टाइप करायचा त्यांना कंटाळा, म्हणून ते व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवायचे. नासीरभाऊंना मोबाइलमधलं फारसं जमत नाही, म्हणून त्यांचं व्हॉट्सअॅप तबस्सुमनं आपल्या लॅपटॉपवर जोडून घेतलं होतं. संध्याकाळी शेठचा आवाज आला की ती तो टोळीच्या ग्रुपवर ढकलायची, टोळी ऐकायची आणि सकाळी थेट बागेत. उलटून विचारायची पद्धतच नव्हती.

आणि संस्थेत तिला विषय मिळाला तो खोट्या आवाजाचा. कोणाचा थोडा खरा आवाज यंत्राला दिला की ते त्याच आवाजात हवं ते बोलतं. हे वाचल्यापासून ती स्वतःच्या फोनलाही भ्यायला लागली. वाजला की दचकायची. एक दिवस तिनं घरच्यांना समोर बसवून बजावलं, "माझा आवाज आला तरी विश्वास ठेवायचा नाही. आधी ठरलेला शब्द विचारायचा. शब्द नाही आला तर फोन ठेवून द्यायचा. मी कितीही रडले तरी ठेवायचा."

शब्द कोणता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं. लहानपणी तिनं एक बकरी पाळली होती, चमेली नावाची. घराचं छत घालताना ती विकली, तेव्हा हिनं अन्नपाणी सोडलं होतं. त्यानंतर घरात ते नाव कोणी काढत नव्हतं. तोच शब्द ठरला.

पुढे दिपमालामॅडमनी सांगितलं की तुमच्या भागातल्या धंद्याला यातून काय धोका आहे, त्याचा एक नमुना करून पाठव. मात्र ज्याचा आवाज घेशील त्याची परवानगी घे. प्रेमराजशेठकडे जायला हिला सोबत मीच लागले. शेठ गादीवर मांडी घालून बसले होते, पोट हलेपर्यंत हसले. "ले ना बेटा! मना आवाज चोरीसन कोन श्रीमंत व्हई?"

नमुना तिनं माझ्याच खोलीत बनवला आणि मला ऐकवला. "नासीर, तोतारामभाऊना बाग कापी टाका. बठ्ठा. गाडी येई राहिनी." म्हणजे भाऊंची अख्खी बाग कापा, गाडी येतेय. शेवटी शेठ खाकरतात तसं खाकरणंसुद्धा होतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"अगं, एवढे मोठे बागायतदार ते, त्यांचं खरं नाव कशाला घातलंस?" मी विचारलं.

"खोटं नाव घातलं असतं तर नमुना खोटा वाटला असता, मॅडम."

सगळ्या जगाला "असं झालं तर?" विचारणाऱ्या पोरीनं त्या संध्याकाळी तेवढं विचारलं नाही. एका खिडकीत तिचं व्हॉट्सअॅप, शेजारच्या खिडकीत अब्बांचं. रोजची सवय अशी, की शेठचा आवाज हाताशी आला की हात ग्रुपकडे जायचा. तो तसाच गेला.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती, मी साबुदाणा परतत होते. तबस्सुम नेहमीसारखी येऊन बसली होती. दिपमालामॅडमचा फोन आला, स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आला. "तबस्सुम, नमुना पाठवणार होतीस ना?"

"मॅडम, कालच पाठवला."

"मला तर काही आलेलं नाही."

मी उलथनं हातात घेऊनच बाहेर आले. ती पडद्याकडे बघत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. टोळीच्या ग्रुपवर, अब्बांच्या नावानं, शेठचा तो आवाज गेलेला होता. खाली एकेकानं अंगठे दिलेले. सगळ्यात शेवटी रमीजचा निरोप होता की आम्ही बागेत पोहोचलो. रमीज म्हणजे टोळीतला तरणा, विळ्यात सगळ्यांत चलाख.

"मॅडम," ती म्हणाली, "तोतारामकाकांची बाग भरलेली नाही. घड कोवळे आहेत."

तोतारामभाऊंना मी ओळखते, 'टोळी'ला 'टोयी' म्हणणारे पक्के इकडचे शेतकरी. माणूस तोडून बोलत नाही, तोडूनच टाकतो.

तिनं अब्बांना फोन लावला. घरात ते लोक हिंदी बोलतात, आपल्या सावद्याच्या वळणाची. "अब्बा, कापना बंद करो! वो शेठ का आवाज नहीं है, मैंने बनाया था!"

पलीकडून विळ्यांचे खच्चखच्च आवाज येत होते. नासीरभाऊ शांतपणे म्हणाले, "पहले नाम बोल."

तबस्सुमनं तोंड उघडलं. आणि तिला तो शब्द आठवेना. तिनं डोळे मिटले, कपाळावर मूठ मारली, हुंदका आला, शब्द येईना. "अब्बा, मैं ही हूँ ना, तबस्सुम!"

"तू तबस्सुम होती तो नाम बोलती," नासीरभाऊ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. जसं शिकवलं होतं अगदी तसं.

मग मी माझ्या फोनवरून लावला. "नासीरभाऊ, मी चारुलता बोलतेय, कॉलेजातली. तबस्सुम खरं सांगतेय हो."

"बाई, मग तुम्हीच ते नाव सांगा."

"मला कसं माहीत असणार?"

"तुमचाही आवाज काढता येतो. माझ्या पोरीनंच सांगितलंय," असं म्हणून त्यांनी फोन बंदच करून टाकला. रमीज उचलेना, हात चिकानं माखलेले असताना कोण उचलतो? प्रेमराजशेठ उचलेनात. तोतारामभाऊ एकादशीचे मुक्ताईनगरला दर्शनाला गेलेले, त्यांचा फोन लागेना. आता स्वतः जाऊन समोर उभं राहण्याशिवाय काही उरलं नव्हतं.

मी स्कूटी काढली. गॅस बंद केला की नाही, तेही आठवत नव्हतं. कोचूरच्या रस्त्यानं जाताना तिनं मागून माझी कंबर इतकी घट्ट धरली होती की मला श्वास घेता येईना. "मॅडम, अब्बांचं नाव जाईल. मॅडम, माझ्यामुळे जाईल." मी म्हणत होते, "काही होत नाही," आणि मला स्वतःलाच ते खोटं वाटत होतं. समोरून केळीचा एक ट्रक आला, त्याच्या हॉर्ननं मी स्कूटी रस्त्याखाली घातली, कशीबशी सावरली. तो ट्रक कोणाच्या बागेतला होता, तेही आम्हाला कळेना. दोघी जीव मुठीत धरून तशाच पुढे गेलो.

केळीच्या भरल्या बागेत भर सकाळीही अंधार असतो. पानांची छपरं एकमेकांत गुंतलेली, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. नुसते विळ्याचे घाव ऐकू येत होते, आणि प्रत्येक घावानंतर घड खांद्यावर घेतल्याचा हुंकार. ती बांधावर उभी राहिली. चारी बाजूंनी घाव, कुठल्या ओळीत अब्बा ते कळेना. आणि मग ती एकदम ओरडली. एवढा आवाज या मुलीच्या पोटात होता हे मला कधी ठाऊक नव्हतं.

"चमेली! अब्बा, चमेली! चमेली!"

घाव थांबले. आधी जवळचे, मग लांबचे. पानं बाजूला सारत नासीरभाऊ बाहेर आले, छातीवर चिकाचे काळे डाग, हातात विळा. मुलीकडे त्यांनी पाहिलं, आणि माणूस मटकन खालीच बसला.

रस्त्याकडच्या ओळी कापून झाल्या होत्या. बांधाला घडांची रास लागली होती, बोटांएवढी बारीक हिरवी केळी. "मला वाटलंच होतं कोवळे आहेत म्हणून," नासीरभाऊ म्हणाले. "पण आवाज शेठचा. म्हटलं, भाऊंचं आणि शेठचं काही ठरलं असेल. मी कोण विचारणारा?"

टोळी गोळा झाली. मग रमीज हळूच पुढे आला. "दीदी, भाऊ अजून यायचेत ना? मग त्यांचाच आवाज काढा की. 'नासीर, काप माझी बाग' एवढंच. नासीरचाचाच्या फोनमध्ये भाऊंचे जुने निरोप आहेत. आला होता निरोप, म्हणून दाखवू. काम मिटलं."

खरं सांगते, त्या दिवसात मी सगळ्यात जास्त घाबरले ती इथं. कारण एकही जण "छे" म्हणाला नाही. सगळे तबस्सुमकडे बघत होते. नासीरभाऊंनीही मान वर केली होती, आणि त्या साध्या माणसाच्या डोळ्यांत मला आशा दिसली. शंभर माणसांत मान वर ठेवून चालणारा बाप, आणि त्याला वाचवायचं साधन मुलीच्या खिशात. तोतारामभाऊंना शेवटपर्यंत कळलं नसतं, उलट आपणच बोलून विसरलो की काय, असं त्यांना वाटलं असतं.

तबस्सुमनं फोन काढला. तिनं तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्याजवळ ठेवा. माझ्याजवळ नको. मला माझीच भीती वाटतेय."

तोतारामभाऊंची मोटरसायकल आली तेव्हा ऊन चढलं होतं. कपाळावर बुक्का तसाच होता. राशीकडे पाहून ते गाडीवरून उतरलेच नाहीत. "नासीर, हे काय रे? कोनी सांगलं तुले?"

"भाऊ, चूक माझी," नासीरभाऊ हात जोडून म्हणाले.

"नाही काका." तबस्सुम पुढे झाली. दात एकमेकांवर आपटत होते, ते मला ऐकू येत होतं. "शेठनी सांगितलंच नव्हतं. तो आवाज मी यंत्रावर बनवला. कामासाठी बनवला आणि चुकून ग्रुपवर गेला. अब्बांना काही माहीत नव्हतं."

"मले ऐकव."

मी फोन तिला परत दिला, तिनं वाजवला. तोतारामभाऊंनी कान जवळ नेला. "हा पेमराजच हाये."

"नाही काका. मी आहे."

त्यांनी परत एकदा ऐकला. शेठ खाकरले तसं त्यांचं तोंड उतरलं. ते फोनपासून मागे सरकले. "माह्याबी काढता येतो?"

"हो."

तोतारामभाऊंनी आपल्या बागेकडे पाहिलं. ओरडतील, शिव्या देतील, असं मला वाटत होतं. ते परवडलं असतं. त्यांनी एवढंच म्हटलं, "नासीर, टोयी घेऊन निंघ. उरेल बाग दुसरी टोयी कापीन." उरलेली बागही नासीरभाऊंच्या हातून गेली. आणि भाऊंनी गाडी वळवली.

कोवळा माल प्रेमराजशेठनी वेफरवाल्यांना लावून दिला, तोट्यातला मोठा वाटा स्वतः उचलला. आवाज माझा होता ना, म्हणाले. पण नाव व्हायचं ते झालंच. बोदवडपर्यंत लोक बोलत होते की नासीर न विचारता शिरला. आवाजाची गोष्ट कोण सांगणार आणि कोणाला पटणार! टोळीतले दोघे-तिघे दुसरीकडे गेले, रमीज राहिला. नासीरभाऊ सकाळी उठायचे, विळ्याला धार लावायचे आणि तो परत खुंटीला टांगायचे. ते बघून तबस्सुमच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

तिनं अहवालात सगळं लिहिलं, स्वतःच्या हाताच्या सवयीसकट. पुण्याहून त्या आवाजाची मागणी झाली, मोठ्या बैठकीत ऐकवायला. तिनं तो पुसून टाकला होता. मग काम सोडायचंच तिच्या मनात आलं. अमिनाबींनी खाटेवरून दम भरला, "सोड की. मग तुझ्या जागी कोणी न घाबरणारा बसेल, आणि तुझ्या अब्बासारखे दहा जण घरी बसतील." त्यानंतर सोडायची गोष्ट तिनं काढली नाही.

ती पुण्याला निघायच्या आधी मी एका संध्याकाळी त्यांच्याकडे बसले होते. नासीरभाऊ नमाजाला गेले होते. दारात मोटरसायकल थांबली आणि तबस्सुमचा चेहरा पांढरा झाला. तोतारामभाऊ होते. या घराच्या दारात ते पहिल्यांदाच आले असावेत. आजवर शेठचा नाहीतर त्यांचा फोनच यायचा.

"नासीर नही घरी? त्याले सांग, मांगची बाग भरली. सकायी लाव म्हना टोयी."

हे ऐकण्यासाठी ते घर तळमळत होतं. अमिनाबींनी वर बघून दोन्ही हात पसरले. तबस्सुम मात्र दाराची कड धरून उभी. "काका," ती म्हणाली, आवाज चिरकत होता, "मी निरोप देणार नाही. माझ्या निरोपावर परत बाग कापली जायला नको. अब्बा येतीलच. तुम्हीच सांगा त्यांना."

एवढा मोठा बागायतदार पायरीवर उभा आहे, आणि ही त्याला थांबायला सांगतेय! गेले रागावून तर नासीरभाऊंचं कायमचंच संपलं. तोतारामभाऊंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग चपला काढल्या, आत आले आणि अमिनाबींच्या खाटेच्या कडेला बसले. चहा आला, तो प्यायले.

गल्लीच्या तोंडाशी नासीरभाऊ दिसले. दारातली मोटरसायकल पाहून ते तिथेच थबकले, पुढे पाऊल टाकेनात. तोतारामभाऊ उठून पायरीवर आले.

"ये, जवय ये," ते म्हणाले. "मी हाये. पाह्य मले."

नासीरभाऊ भीत भीत जवळ आले. तोतारामभाऊंनी आधी त्यांचा हात हातात घेतला, आणि मगच बागेचं बोलले.